खाऱ्या पाण्यातले तण आणि काळी माती

परभणीतल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्राच्या मांडणीवर, बुरशीनाशकांच्या आणि टॉनिकांच्या गर्दीत, गडद तपकिरी द्रवाची एक तरी बाटली असतेच, जिच्यावर ‘सागरी शेवाळ अर्क’ असे छापलेले असते. सोयाबीन फुलोऱ्यात आले, कापसाला पाते लागू लागले किंवा हरभऱ्याची पहिली फवारणी करायची असली, की दुकानदार इतर औषधांच्या जोडीला हीही बाटली हातात ठेवतो आणि १५ लिटरच्या पंपाला ४०-५० मिली टाका म्हणून सांगतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र लागत नाही, इथल्या कित्येक वयस्क शेतकऱ्यांनी तो पाहिलेलाही नाही. तरी समुद्रातली ही वनस्पती आमच्या पिकांच्या पानांवर वर्षानुवर्षे पडत आली आहे आणि ती पिकाला जोर देते याविषयी गावात फारसे दुमत नाही. म्हणूनच, परक्या समुद्रात घुसून तिथल्या जिवांच्या मुळावर उठलेले शेवाळ गोळा करून त्याने शेतातले तण मारता येईल, अशी कल्पना वाचनात आली तेव्हा मी थबकले. जे पिकाला वाढवते तेच तणाला मारणार कसे, हा पहिला प्रश्न. आणि मारत असेल, तर आमच्या काळ्या रानात ते चालेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लवकर मिळाले. दुसऱ्याने मला बरेच दिवस गुंतवून ठेवले.

कल्पनेची मोहिनी कशात आहे हे वेगळे सांगायला नको. काट्याने काटा काढला, की फुकटचा उपद्रव कामाला लागतो आणि विकतचे विषही टळते. शिवाय समुद्रातला हा उपद्रव लहानसहान नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाचे, मत्स्यालयात शोभेसाठी ठेवले जाणारे हिरवेगार शेवाळ प्रथम दिसले आणि पुढच्या काही वर्षांत भूमध्य समुद्राच्या तळावर त्याचे गालिचे पसरले. हेच शेवाळ २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनारी खाडीत सापडले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडला आणि सहा वर्षांनी ते समूळ गेल्याचे जाहीर केले. जपान-कोरियाकडचे रुगुलॉप्टेरिक्स ओकामुरे हे तपकिरी शेवाळ २०१५ नंतर जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत असे काही माजले, की मासेमारांची जाळी त्यानेच भरून येऊ लागली. अटलांटिकमधले सरगॅसम तर त्या पाण्याला परकेही नाही. पण २०११ पासून त्याचा पट्टा दरवर्षी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत तरंगू लागला आणि २०१८ च्या जूनमध्ये त्याची लांबी ८,८५० किलोमीटर, तर वजन २ कोटी टनांवर गेल्याचे उपग्रहांच्या चित्रांवरून मोजले गेले. किनाऱ्यावर येऊन सडणाऱ्या या ढिगांचे करायचे काय, या विवंचनेतूनच खत, इंधन, विटा आणि तणनाशक अशा वाटा शोधल्या जात आहेत.

आपल्या देशातले उदाहरण मला अधिक बोलके वाटते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात कॅपाफायकस अल्वारेझी हे मुळचे फिलिपीन्सकडचे लाल शेवाळ लागवडीच्या अभ्यासासाठी आणले. त्यापासून मिळणारे कॅराजिनन आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत अनेक पदार्थांना दाटपणा देते, म्हणून पुढे तमिळनाडूच्या मंडपम भागात बांबूच्या तराफ्यांवर त्याची शेती सुरू झाली आणि किनाऱ्यावरच्या अनेक बायकांना हक्काचे उत्पन्न मिळाले. पण २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ हे शेवाळ प्रवाळांवर चढून त्यांना झाकून टाकत असल्याची नोंद झाली. गंमत अशी, की हेच शेवाळ ताजे चिरडून काढलेला रस पिकांवर फवारण्याचे तंत्रही त्याच संस्थेने विकसित केले आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कोरडवाहू सोयाबीनवरच्या प्रयोगात या रसाच्या १५ टक्के द्रावणाने उत्पादन चांगलेच वाढल्याचे दिसले. म्हणजे परक्या पाण्यात घुसलेले शेवाळ आमच्या सोयाबीनपर्यंत केव्हाच पोहोचले आहे, फक्त बाटलीतून आणि पिकाचा मित्र म्हणून.

मित्र वैरी कसा होतो, याचे उत्तर मात्रेत आहे. शेवाळाच्या अर्कात वनस्पतींची वाढ हलवणारी संप्रेरके आणि तत्सम द्रव्ये अल्प प्रमाणात असतात; थोडी मिळाली की मुळे फुटतात, फुटवे वाढतात, आणि तीच द्रव्ये, त्यांच्या जोडीला अर्कातले क्षार, भरमसाट झाले की बी उगवायचेच थांबते किंवा कोवळे रोप कोमेजते. यात नवल वाटण्यासारखे काही नाही, कारण गावोगाव वापरले जाणारे टू-फोर-डी हे तणनाशकही वनस्पतीच्या वाढ-संप्रेरकाचीच नक्कल आहे. रुंद पानाच्या तणाला ते इतके वाढायला लावते, की ते पिळवटून मरते. याखेरीज तपकिरी शेवाळांत फ्लोरोटॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात, काहींत टर्पिनॉइड गटातली संयुगे असतात, तर ॲस्परागॉप्सिससारखी लाल शेवाळे ब्रोमीनयुक्त संयुगे तयार करतात. चरणाऱ्या माशांपासून आणि शेजारच्या स्पर्धकांपासून बचाव व्हावा म्हणून शेवाळाने बाळगलेली ही हत्यारे आहेत. परक्या पाण्यात त्यांचा धाक अधिक चालतो, कारण तिथल्या चरणाऱ्या जिवांना त्यांची सवय नसते. म्हणून घुसखोर शेवाळातच तणनाशक शोधावे, हा विचार तर्काला धरून आहे.

इथे ‘नैसर्गिक’ या विशेषणावर थोडे थांबले पाहिजे, कारण त्याच्या आडून बरेच काही विकले जाते. जमिनीतले तणाचे बीसुद्धा मारणारा मिथाइल ब्रोमाइड हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरला म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत शेतातून बाद करण्यात आला. पण समुद्रातली शेवाळेही ब्रोमीनची अशी संयुगे स्वतःहून हवेत सोडतच असतात. उलट, मक्यात मारले जाणारे मेसोट्रायॉन हे कारखान्यातले तणनाशक जन्माला आले ते बागेतल्या बॉटलब्रशच्या झाडाखाली गवत कमी का उगवते, या एका निरीक्षणातून. रेणूला आपला जन्म कुठे झाला हे ठाऊक नसते. तो किती पडला, कशावर पडला आणि किती दिवस टिकला, एवढेच त्याच्या परिणामाला कळते. ग्लायफोसेट या तणनाशकाविषयी मला प्रेम नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला तरी धुऱ्यांवर ते बिनदिक्कत मारले जाते, हे मी पावसाळ्यात दरवर्षी पिवळ्या पडलेल्या बांधांवरून ओळखते. तरीही त्याच्या जागी येणारी वस्तू समुद्रातली आहे, एवढ्यावरून तिला आंधळा कौल द्यायची माझी तयारी नाही.

आता दुसरा प्रश्न, जो माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. शेवाळाचा शेतातला जुना वापर अर्क काढून झालेला नाही. ते सरळ जमिनीवर अंथरले गेले. आयर्लंडच्या ॲरन बेटांवर लोकांनी उघड्या चुनखडकावर वाळू आणि शेवाळाचे थर टाकून अक्षरशः माती तयार केली आणि त्यात बटाटे पिकवले. अशा आच्छादनाखाली उजेड पोहोचत नाही, म्हणून तणाचे बी उगवत नाही; त्याला चिकटलेले मीठ कोवळ्या रोपांतले पाणी ओढून घेते; आणि कुजताना शेवाळ खतही देऊन जाते. पण तिथे माती वाळूमिश्रित आहे आणि पाऊस बारमाही. मीठ आले तसे वाहून जाते.

आमच्याकडे ते जाणार कुठे? मराठवाड्यात वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मृगापासून परतीच्या पावसापर्यंत, मध्ये तीन-तीन आठवड्यांचे खंड ठेवून. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि तिची छिद्रे मिटतात, म्हणून पाणी खाली मुरण्यापेक्षा वर साचते. त्यात सोडियम वाढला, की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होऊन उरलीसुरली छिद्रेही बुजवतात, आणि मग ते रान ओले असताना चिखल आणि वाळले की दगड होते. त्याला आम्ही चोपण म्हणतो. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली अशी रानेच्या राने आहेत. उन्हाळ्यात तिथे उभे राहिले, तर ढेकळांच्या कडांवर पिठासारखा पांढरा थर दिसतो. बोटाने खरडून जिभेला लावला तर खारट-कडवट लागतो. आणि सखल भागात, जिथे पूर्वी गहू होत असे, तिथे हरळीचे तेवढे हिरवे ठिपके उरलेले असतात. हे रान बिघडवायला कोणी समुद्रातून मीठ आणले नव्हते. गोड्या पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव एवढेच पुरेसे झाले.

ते हरळीचे ठिपके पाहूनच मला शेवाळाच्या तणनाशकाचा सगळा हिशेब उलगडला. पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काची विद्युतवाहकता (क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते आणि त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या क्षारांपुढे सगळी झाडे सारखी हतबल होत नाहीत. मूग आणि हरभरा लवकर मान टाकतात, सोयाबीन काही काळ सोसते, कापूस बऱ्यापैकी तग धरतो, आणि हरळी तर खाऱ्या पाण्यावरही वाढते, म्हणून किनाऱ्यालगतच्या गोल्फच्या मैदानांवर तीही लावतात. म्हणजे मिठाच्या जोरावर तण मारायला निघालो, तर ज्या तणाने आमच्या आज्या-पणज्यांचे गुडघे झिजवले ते शेवटपर्यंत उभे राहील आणि ज्या पिकासाठी हा खटाटोप केला ते आधी जाईल. लव्हाळ्याचेही तसेच. आमच्याकडे निंदणीला येणाऱ्या एक मावशी खुरप्याचे टोक तिरके घालून लव्हाळ्याचा गड्डा काढतात, तेव्हा एका गाठीला दोऱ्यासारख्या मुळाने दुसरी, दुसरीला तिसरी अशी काळसर गाठींची माळच हाताला लागते. “वरून उपटला की हसतोय त्यो, ताई, खालची गाठ काढल्याबिगर जात न्हाई,” असे त्या म्हणतात. पानांवर पडणारा किंवा वरच्या बोटभर मातीत राहणारा कोणताही अर्क त्या गाठींपर्यंत पोहोचत नाही.

शेवाळ आधी धुऊन घ्यावे, मग मीठ राहणार नाही, असे कोणी म्हणेल. धुवायला गोडे पाणी लागते, आणि ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या प्रदेशात हा सल्ला देणाऱ्याने तो हळू आवाजात द्यावा. शिवाय जोरात धुतले की पाण्यात विरघळणारी तणनाशक द्रव्येही मिठाबरोबर निघून जातात आणि हाती उरतो तो पालापाचोळा. तो पालापाचोळा तरी परवडतो का, हे मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिले. एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्यावर ५ सेंटिमीटरचा थर द्यायचा तर २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रास माल लागतो. विहिरीच्या बांधकामाला ७० ब्रास वाळू आणायची म्हटली तरी घरात आठवडाभर चर्चा चालते. इथे तर सगळा माल पाचशे किलोमीटरवरच्या किनाऱ्यावरून यायचा. सरगॅसमसारख्या शेवाळात आर्सेनिक साठलेले असते, ही त्यावर आणखी भर. कोरडवाहू रानात वर्षागणिक ते टाकत राहणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

अर्क दाट करून, मीठ वगळून, फक्त ती फ्लोरोटॅनिनसारखी द्रव्ये बाटलीत भरता येतील, आणि तसे प्रयत्न व्हायलाही हवेत. किनाऱ्याजवळच्या नारळी-पोफळीच्या बागांत, जिथे दोन-अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सगळे धुऊन नेतो, तिथे आच्छादन म्हणूनही शेवाळाला जागा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की उपद्रव जिथला तिथेच जिरवण्यात फायदा असतो. त्याला दूर नेले, की त्याच्याबरोबर त्याचे मीठ, त्याचे भाडे आणि त्याच्या खोडीही येतात. गाजरगवताच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम डोळ्यांवर आलेले हे अमेरिकेकडचे तण देशभर पसरले, आणि त्याच्यावर अखेर उतारा मिळाला तो मेक्सिकोहून आणलेल्या भुंग्याचा, जो १९८४ च्या सुमारास बेंगळुरूला सोडण्यात आला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले जातात. भुंगा तण जिथे उभे आहे तिथेच बसून त्याची पाने खातो, वाहतुकीचे भाडे मागत नाही आणि गाजरगवत सोडून सोयाबीनकडे ढुंकूनही पाहत नाही. भुंग्याच्या जोडीला तरोट्याचे बी बांधावर फेकावे असाही सल्ला दिला जातो, कारण तरोटा दाट उगवून गाजरगवताची जागा बळकावतो. आणि कोवळ्या तरोट्याची भाजी होते, हा माझ्या लेखी जास्तीचा गुण.

तणनाशक द्रव्य वनस्पतीतूनच हवे असेल, तर आमच्या घरची ज्वारी काय कमी आहे? ज्वारीच्या मुळांवरच्या बारीक केसांतून सॉर्गोलिओन नावाचे तेलकट द्रव्य पाझरते आणि ते शेजारी उगवणाऱ्या कोवळ्या तणाची प्रकाशातून अन्न बनवण्याची क्षमताच रोखते. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात वाळलेली ज्वारी पाण्यात भिजवून काढलेला अर्क ‘सोर्गाब’ या नावाने गहू-कापसातल्या तणांवर वापरून पाहिला गेला आणि तण पूर्ण गेले नाही, तरी बरेच कमी झाले. ज्वारीच्या रानात तण जरा दबकून असते, हे आमच्याकडे जुनी माणसे जाणून होती. त्यांचा भर मात्र ज्वारी रान खाते, पुढच्या पिकाला उठू देत नाही, या तक्रारीवर असे. दोन्ही गोष्टींमागे हेच मुळांतले पाझरणे आहे, असे मला वाटते. अर्थात, कडबा पेंढीच्या भावाने विकला जात असताना तो पाण्यात कुजवायला कोणी धजावणार नाही, आणि सोयाबीनच्या लाटेत ज्वारीच इतकी कमी पेरली जाते, की अर्कासाठी उरणार काय? अंगणातले औषध हे असे डोळ्यांदेखत दुर्मिळ झाले आहे.

राहता राहिली आमच्या गोड्या पाण्यातली शेवाळाची बहीण, जलपर्णी. नांदेडला गोदावरीच्या घाटांवर उभे राहिले, तर कित्येकदा पाणी दिसत नाही, जांभळ्या फुलांचे हिरवे रान दिसते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पतीही शोभेसाठीच देशोदेशी नेली गेली. शहराचे सांडपाणी तिला खत म्हणून मिळते, त्यामुळे काढली तरी काही आठवड्यांत ती पुन्हा पाणी झाकते. बांगलादेशात तिचेच जाड तराफे करून त्यांवर भाजीपाला घेतात, आणि या तरंगत्या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले. आमच्याकडे तिचा उपयोग हळदीत व्हावा असे मला फार वाटते. वसमत, अर्धापूर, गंगाखेड या पट्ट्यात हळद लावली, की गड्डे उघडे पडू नयेत, ओल टिकावी आणि तण दबावे म्हणून आच्छादन लागतेच. नदी जवळ आहे. जलपर्णीत समुद्राचे मीठ नाही. आणि पाण्याबाहेर काढून उन्हात टाकली, की ती कोरड्या रानात पुन्हा रुजत नाही. काळजी दोन गोष्टींची घ्यावी लागेल. बी धरण्याआधी ती काढावी, कारण तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. आणि शहराच्या नाल्याच्या तोंडाशी वाढलेली जलपर्णी घेऊ नये, कारण सांडपाण्यातले जड धातू ती आपल्या मुळांत साठवते आणि हळद हे खाण्याचे पीक आहे.

गंगाखेडजवळ नदीकाठी आमच्या नात्यातल्यांची हळद आहे. लावणीनंतर चार सऱ्यांवर जलपर्णी अंथरून पाहायची, शेजारच्या चार सऱ्या तशाच ठेवायच्या आणि दोन्हींत निंदणीला किती बायका किती वेळ लागल्या ते लिहून ठेवायचे, असे आम्ही यंदा ठरवले आहे. हे मी मावशींना सांगितले, तेव्हा त्यांनी तणाविषयी काहीच विचारले नाही. निंदणी कमी झाली तर आमचा रोज बुडणार का, हे विचारले, आणि ते रास्त होते. कारण आजवर जे जे तणनाशक गावात आले त्याने पहिल्यांदा त्यांच्याच हातचे काम नेले, आणि निंदताना ओच्यात जमणारी घोळ, पाथरी, कुर्डूची भाजीही नेली. आच्छादन पसरायला माणसे लागतीलच, असे मी म्हटले. त्यावर त्यांनी थोडा विचार करून भाव सांगितला: ओली जलपर्णी नदीतून ओढून रानापर्यंत वाहायची, तर ते निंदणीच्या रोजात बसणार नाही, दीडपट पडेल. घासाघीस करायला माझ्याकडे मुद्दा नव्हता, कारण ताज्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि ते वाहायचे त्यांनाच होते. काठावरच दोन दिवस वाळवून मग उचलली तर वजन किती उतरते, तेवढे आधी पाहायचे असे ठरले, आणि भावाचे त्यानंतर.